हे हात मी वाहिलेले नाहीत

"तोंड उगड."

भाटकारीण, म्हणजे आमच्या गावची जमीनदारीण, एवढंच म्हणाली. हळू म्हणाली. माझ्या मागच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. मला गेलं. अजून जातं.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ नुकताच लागला होता. पहिला रविवार. इगर्ज, म्हणजे आमचं चर्च, गच्च भरलेली. गर्दी असली की आमच्या इगर्जीत पाद्रीबरोबर गावातली दोन-तीन मानाची माणसंही कुमगार वाटायला उभी राहतात. कुमगारीत मिळते ती पांढरी पातळ पवित्र भाकर म्हणजे ओस्त. माझ्या रांगेला भाटकारीण होती. पांढरी साडी, गळ्यात बारीक साखळी, केस मागे चापून बसवलेले. मी हात पुढे केला. डावा वर, उजवा त्याच्याखाली. लहानपणी धर्माच्या वर्गात तसंच शिकवलं होतं. राजा यायचा आहे, हाताचं आसन करा.

तिने ओस्त चिमटीत धरून वर उचलली आणि तिची नजर माझ्या तळव्यावर पडली. वरचा ओठ किंचित उचलला गेला. पायाखाली गोगलगाय चिरडली की जातो तसा. मग ते दोन शब्द.

मी तोंड उघडलं. एवढ्या माणसांत दुसरं काय करणार होते? तिने ओस्त जिभेवर ठेवली नाही, वरून सोडली. बोट लागू दिलं नाही. आणि तरीही बाजूच्या रुमालाला बोटं पुसली. माझ्या आधी सात-आठ जण झाले होते, तेव्हा पुसली नव्हती.

ओस्त टाळूला चिकटली. गिळवेना. बांकावर येऊन गुडघे टेकले, कपाळ समोरच्या लाकडाला लावलं. शेजारणीला वाटलं, काय भक्ती ही! मी ओकारी दाबत होते. देवाचं शरीर तोंडात आणि पोटातून आंबट वर येतंय. असलं पाप मी कबुलीजबाबात अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. कारण ते माझं नव्हे.

माझे हात काळे आहेत. जन्माने नव्हेत. काजूच्या बीच्या टरफलात तेल असतं. चिकट, जाळणारं. आमचं काम बी फोडायचं. एका हाताने बी पात्याखाली धरायची, पायाने दांडा दाबायचा, टरफल दुभंगलं की सळईच्या टोकाने गर सोडवायचा. गर अख्खा निघाला पाहिजे. तुकडा पडला तर मुकादमाची बोलणी. बी फुटताना तेल उडतं, बोटांवर, मनगटावर, कधी गालावर. पहिल्या महिन्यात हात पिवळे होतात, मग कातडी सोलते, मग खालची नवी कातडी येते तीच काळी. राख चोळा, खोबरेल चोळा, रॉकेल चोळा. जात नाही. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला तर यंत्राला मी सापडत नाही. अंगठ्यावरच्या रेघाच उरलेल्या नाहीत. दुकानदार कंटाळून म्हणतो, घरच्या दुसऱ्या कोणाला पाठव. गर मात्र गोरापान बाहेर पडतो, डब्यात बसतो, विमानाने जातो.

हा कारखाना भाटकारणीचा. पेडण्याकडच्या आमच्या गावात डोंगरभर काजू तिच्या सासऱ्याची, खालची शेतं त्यांची, कारखाना नवऱ्याने घातला, आता ती बघते. म्हणजे जो हात बघून तिला शिसारी आली, तो तिच्याच पत्र्याच्या छपराखाली सतरा वर्षांत काळा झालेला. हे मला त्या रविवारी बांकावर कळलं असं नाही. तेव्हा फक्त लाज वाटली. स्वतःच्या हातांची. मी ते पदराखाली घेतले. हे लिहिताना सगळ्यात जास्त किळस मला त्याचीच येते.

आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, गावाच्या टोकाला, ओहोळापलीकडे. आजोबांच्या कोण आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो या आशेने की नव्या देवाच्या घरात सगळे एका बांकावर बसतील. देव बदलला, वाडा तोच राहिला. इगर्जीच्या सणाला लाल झगे घालून मिरवणुकीत पुढे चालतात ती घरं ठरलेली. आमच्या घरातल्या पुरुषांनी मेणबत्त्या विझल्यावरचं मेण खरवडलं आणि मेलेल्यांसाठी खड्डे खणले. झगा कधी घातला नाही. आता तसं काही राहिलेलं नाही, असं सगळे म्हणतात. म्हणणारे सगळे झग्यातले.

आईही बिया फोडायची. तिच्या वेळी कारखाना नव्हता. भाटकाराच्या मागच्या अंगणात पत्र्यावर बिया भाजायच्या आणि लाकडी दंडुक्याने फोडायच्या. धुराने तिची छाती गेली. आम्ही लहान असताना ती रात्रभर खोकायची आणि सकाळी उठून पुन्हा जायची. मी कळवळले की म्हणायची, "जेजूक भेटय." जेजूला, म्हणजे येशूला, वाहून टाक. कशासाठीही हेच. पाय कापला, जेजूक भेटय. वडील पिऊन आले, जेजूक भेटय. आम्ही अंगणात पाणी मागितलं म्हणून भाटकाराच्या मुलाने कुत्रं सोडलं, जेजूक भेटय. जेजू खुर्सावर लटकला, त्याच्या हातात खिळे होते, आपलं दुखणं त्याच्यापुढे काय? तिला हे कोणी शिकवलं? तिच्या आईने. आईच्या आईला? त्याचा माग काढत गेलं की वाट भाटकाराच्या घरातल्या आल्ताराकडे, देव्हाऱ्याकडे जाते. संध्याकाळी तेर्स, जपमाळेची प्रार्थना, म्हणायला चाकर बायका तिथे फरशीवर बसायच्या.

मला आईची टवाळी करायची नाही. त्या दोन शब्दांवर ती जगली. मरताना तिच्या तोंडात तेच होते. आणि मीही त्यांच्यावरच जगत होते. कारखान्यात हात पेटले की मी मनात म्हणायची, घे बाबा, हे तुला. मला त्यात एक प्रकारचा गर्वही होता. भाटकारीण काय देते देवाला? फुलं. मी कातडी देते. असा गर्व.

तो गर्व मोडला शांतव्वामुळे.

शांतव्वा बेळगावकडची. नवरा बांधकामावर, ही आमच्याबरोबर बिया फोडते. माझ्या डाव्या हाताला बसायची. कुमगारीच्या त्या रविवारानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी, ऐन दुपारी, बी फुटली आणि तेल सरळ तिच्या डोळ्यात. ती ओरडली नाही. नुसती उठली आणि भिंतीला हात लावत लावत नळाकडे गेली. नळाला पाणी नव्हतं. मी पिण्याच्या कळशीतलं पाणी तिच्या डोळ्यावर मारत होते आणि ती म्हणत होती, "आक्का, लई जळाय लागलंय गं. डोळा ऱ्हाईल न्हवं?"

माझ्या तोंडात काय आलं असेल? आईचे शब्द. जिभेवर आलेच होते. शांतव्वा हिंदू, तिला जेजू कोण ते धड माहीत नाही, तरी मी तिला सांगणार होते की वाहून टाक. मी तोंड मिटलं. स्वतःच्या बाबतीत सतरा वर्षं जे गोड लागलं, ते दुसऱ्याच्या जळत्या डोळ्यावर ओतताना घाण वाटलं.

डोळा राहिला. त्यात एक पांढरा ठिपका राहिला आहे. आम्ही अकरा जणींनी अर्ज केला. मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, त्यामुळे लिहायचं माझ्याकडे आलं. चारच गोष्टी मागितल्या. जाड हातमोजे. डोळ्याला चष्मे. हाताला लावायला एरंडेल. नळाला पाणी आणि साबण. खाली अकरा नावं. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे उठवले आणि आम्ही हसलो, कारण कागदावर नुसते काळे डाग पडले, एकाच्याही रेघा नाहीत.

भाटकारणीने अर्ज वाचला, घडी केली. "बघूं या. ईस्टर जावं दी," म्हणाली. गोड बोलली. आम्हाला वाटलं, झालं काम.

आठवड्याने पाद्रीने मला बोलावणं धाडलं. आमचा पाद्री तरुण. दुसऱ्या तालुक्यातून नुकता आलेला, हसरा, सगळ्यांना नावाने हाक मारणारा. वाईट माणूस नव्हे. त्याने मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला. म्हणाला, या वर्षी खुर्साची वाट वेगळी करायची आहे. खुर्साची वाट म्हणजे जेजूला शिक्षा झाल्यापासून पुरेपर्यंतचे चौदा प्रसंग. उपवासकाळातल्या एका शुक्रवारी गावभर चौदा थांबे करून लोक खुर्स घेऊन चालतात, प्रत्येक थांब्यावर प्रार्थना. थांबे घरांच्या दारात, आणि घरं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. आमच्या वाड्याला चौदांतला एकही नाही. मिरवणूक ओहोळापाशी येते आणि मागे वळते.

"अकराव्या थांब्यार तुवें उलोवचें," पाद्री म्हणाला. अकराव्या थांब्यावर मी बोलायचं. अकरावा म्हणजे जेजूला खिळे ठोकतात तो. तो भाटकारणीच्या दारात असतो, आता कारखान्याच्या फाटकात. मी स्टुलावर उभं राहून हात वर करून दाखवायचे आणि सांगायचं की हे दुखणं मी जेजूला कशी वाहते. भाटकारणीनेच सुचवलं, म्हणाला. तुझी श्रद्धा बघून ती हलून गेली, म्हणाला.

मला काय वाटलं ते खोटं सांगत नाही. मला बरं वाटलं. आमच्या वाड्यातलं कोणी आजवर त्या मिरवणुकीत तोंड उघडून बोललं नव्हतं. मी हो म्हटलं.

बोलायचं ते त्याने छापूनच दिलं. रोमी लिपीतली कोंकणी. मला ती वाचताना अडखळायला होतं, म्हणून घरी बसून मी ती नागरीत उतरवून काढली. एकेक वाक्य. माझे हात म्हणजे माझा खुर्स. मी तो आनंदाने उचलते. जेजूने तक्रार केली नाही, मीही करत नाही. आणि शेवटचं वाक्य: "माका कांय नाका." मला काही नको.

पेन थांबलं. हे वाक्य कशाचं उत्तर आहे ते मला कळलं. आमच्या अर्जाचं. चार गोष्टी मागितल्या होत्या, आणि उत्तर भाटकारीण देणार नव्हती. ते ती माझ्याच तोंडून वदवून घेणार होती, तेही देवाच्या साक्षीने, कर्ण्यावरून. मी ते बोलले की हातमोजे गेले. चष्मे गेले. शांतव्वाचा वाचलेला डोळा गेला. अकरा नावं लिहिली मीच आणि त्यांच्यावर माती लोटणारही मीच.

तरीही मी नाही म्हणाले नाही. भीती वाटली. काम जाईल ही एक भीती. आणि दुसरी, की देवच रागावला तर?

त्या शुक्रवारच्या तीन दिवस आधी भाटकारीण कारखान्यात आली. नाकाला रुमाल. टरफलांच्या वासाने तिचं डोकं दुखतं. माझ्या बांकाशी थांबली आणि पहिल्यांदाच तिने माझे हात नीट बघितले. वळवून बघितले. पेनाच्या टोकाने. मग म्हणाली:

"आतां शुक्रारापर्यंत घांसून धूव नाका. अशेच दिसूं दी. फोटो काडपाचे आसात."

धुऊ नकोस. असेच दिसू देत.

इगर्जीत ज्या हातावर ओस्त ठेवायला तिला किळस आली, तेच हात तिला आता काळे हवे होते. काळे, सोललेले, ताजे. भुकेल्याचा फोटो काढताना त्याला आधी जेवू घालायचं नाही, तशातलं. माझ्या जिभेवर पुन्हा तोच आंबटपणा आला. या खेपेला मी दाबला नाही. नाल्याशी जाऊन ओकले.

शेवंती माझ्या मागे आली. शेवंतीही आमच्याबरोबर बिया फोडणारी, डिचोलीकडची, लग्न होऊन आमच्या गावात आलेली. तिचा भाऊ शिरगावच्या लईराई देवीचा धोंड आहे. जत्रेआधी पाच दिवस सोवळं पाळतो, आपल्या हाताने शिजवून एकवेळ जेवतो आणि पहाटे निखाऱ्यांतून अनवाणी चालत जातो. मी तिला सगळं सांगितलं. छापील कागद, हातांचे फोटो, सगळं. ती भडकेल असं वाटलं होतं. ती हसली.

"माझो भाव उज्यातसून चलता," ती म्हणाली. "पण ताका कोण धुकलीत ना गे. तो आपूण वता. मागच्यान कोणी धुकललो जाल्यार तो धोंड खंयचो? तो भाजून मेललो माणूस."

तो आपणहून जातो. मागून कोणी ढकललं तर तो धोंड कसला? तो भाजून मेलेला माणूस.

एवढं बोलून ती आपल्या बांकावर गेली. तिला वाटलंही नसेल की काही मोठं बोलली. मी मात्र तिथेच उभी. सतरा वर्षं मी स्वतःला धोंड समजत होते.

त्या संध्याकाळी मी पाद्रीकडे गेले. भांडायला नव्हे. विचारायला. विचारलं, "फादर, जेजू आपणहून गेला की त्याला ओढून नेला?"

तो खूश झाला. हाच तर सगळ्या श्रद्धेचा गाभा, म्हणाला. तो आपणहून गेला. बागेत रात्रभर घाम गाळून त्याने हो म्हटलं. पळून जाता आलं असतं, गेला नाही. म्हणून तो बळी. नाहीतर तो नुसता खून झाला असता.

"मग मला कोणी विचारलं?"

त्याने हातातली जपमाळ टेबलावर ठेवली. प्रश्न टाळला नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते. मग म्हणाला, दुःख कोणाला चुकत नाही, पण त्याला अर्थ देणं माणसाच्या मनावर असतं. वाक्य चांगलं होतं. दुसरीकडे कुठे ऐकलं असतं तर मीही मान डोलावली असती. मी म्हटलं, "फादर, म्हातारपण चुकत नाही. मरण चुकत नाही. हातमोजे असले तर हे चुकतं."

त्यावर तो म्हणाला, आता सगळं ठरलं आहे, भाटकारणीने मंडपाचा, सरबताचा बंदोबस्त केला आहे, ईस्टरनंतर आपण बोलू. तोही ईस्टरनंतर.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो कधीकाळी खनिजाच्या ट्रकवर होता, आता मिळेल ते करतो. भित्रा नाही. पण तो माझ्यावर भडकला. "मेल्यार आमकां फोंड खंय मेळटलो?" म्हणाला. मेलो तर पुरायला जागा कुठे मिळेल? आमच्यासारख्या घरातल्या माणसाला ही भीती काय असते ते झग्यातल्यांना कळायचं नाही. ज्याच्या बापाने गावाच्या मढ्यांसाठी खड्डे खणले, त्याला स्वतःच्या खड्ड्याची काळजी.  

शुक्रवार आला. चार वाजता इगर्जीतून खुर्स निघाला. रिक्षावर कर्णा बांधलेला. पुढे लाल झगे, मग पाद्री, मग पुरुष, मग बायका, आणि शेवटी आमचा वाडा. ऊन रखरखीत. काजूच्या बोंडांचा आंबूस वास रस्ताभर. दहा थांबे झाले. मला पुढे बोलावलं.

फाटकात टेबलावर पांढरा कपडा, त्यावर अकराव्या प्रसंगाचं चित्र. हे चित्र मी जन्मापासून बघत आले आहे. जेजू आडवा पाडलेला, हात ताणलेला, तळव्यावर खिळा. मी नेहमी तो तळवाच बघायची आणि रडायची. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसलेल्या माणसाकडे बघितलं. त्याच्या हातात हातोडा आहे. दंड पिळदार आहे. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. काम करतोय. एवढी वर्षं एवढ्या प्रार्थना झाल्या, या हातोडेवाल्याबद्दल मला कधी कोणी एक शब्द सांगितला नव्हता. जेजूसारखं सोसायला शिक, एवढंच. हा इसम कोण, त्याला कोणी पाठवला, पाठवणारा कुठे बसला आहे, हे विचारायला कोणी शिकवलं नव्हतं.

भाटकारीण फाटकाच्या सावलीत खुर्चीवर होती. तिचा पुतण्या मोबाइल धरून समोर उभा. आत पाळी नुकतीच सुटलेली, म्हणून शांतव्वा, शेवंती आणि बाकीच्या बायका फाटकाच्या आतच खोळंबलेल्या. मिरवणूक गेल्याशिवाय त्यांना बाहेर सोडायचं नाही, असा हुकूम.

मी स्टुलावर चढले. हात वर केले. मी ते सकाळी घासघासून धुतले होते, एरंडेल लावलं होतं. काळे ते काळेच, पण चकाकत होते. भाटकारणीच्या कपाळाला आठी पडली. पाद्रीने माइक माझ्या तोंडाशी धरला.

मी म्हटलं, "हे हात मी जेजूला दिलेले नाहीत. मला कोणी विचारलंच नाही. हे या फाटकाच्या आत घेतले. जेजूने आपला जीव दिला. माझे हात काढून घेतले. या दोन गोष्टी एक म्हणू नका. त्याचाही अपमान होतो आणि माझाही."

   मी पोलक्यातून कागद काढला, अर्जाची माझ्याकडची प्रत, आणि वाचायला लागले. जाड हातमोजे. डोळ्याला चष्मे. एवढं झालं आणि कर्णा बंद पडला. कोणीतरी रिक्षातली वायर ओढली. मी तशीच वाचत राहिले. मग गाणारी मंडळी उभी राहिली आणि त्यांनी दुःखाचं गाणं सुरू केलं. मोठ्याने. जेजूच्या जखमांचं गाणं. माझा आवाज बुडवायला त्यांनी जेजूच्या जखमा वापरल्या. त्या क्षणी मला जी किळस आली ती माझ्या हातांची नव्हती, आणि पुन्हा कधी होणारही नाही.

गाण्याच्या वरताण आवाज काढून मी अकरा नावं ओरडून वाचली. शांतव्वाचं नाव आलं तेव्हा तिने फाटकाच्या गजांतून दोन्ही हात बाहेर काढले. नंतर शेवंतीने. मग आणखी तिघींनी. बाकीच्या मागे सरकल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही.

भाटकारीण उठून माझ्याजवळ आली. गाणं चालूच होतं. तिने विचारलं, "तुका जेजूची लज दिसना?"

मी म्हटलं, "जेजूची नाही, बाई. तुमची वाटते."

तिला "बाई" म्हटलं ती शेवटची वेळ. पुढचे तीन थांबे माझ्याशिवाय झाले.

दुसऱ्या दिवशी बांकावर माझ्या जागी दुसरी होती. अकरातल्या पाच जणींनी अर्जावरचं नाव मागे घेतलं. कारखान्याच्या फाटकाशी हातमोज्यांचे दोन जोड टांगलेले आहेत, पातळ, स्वयंपाकघरात वापरतात तसले. कोणी बघायला आलं की दाखवायला. मी आता बसने म्हापशाला जाते, एका कँटीनमध्ये भांडी घासते. पाद्री रस्त्यात दिसला की खाली बघतो. नवरा पंधरा दिवस बोलला नाही, मग बोलायला लागला. वाड्यातली दोन घरं अजून बोलत नाहीत. मी गाव नासवलं म्हणतात.

मी मिसाला, रविवारच्या प्रार्थनेला, जाते. सोडणार नाही. जेजू भाटकाराच्या बापाचा नव्हे. सुताराच्या घरचा पोर तो, त्याच्याही हाताला घट्टे पडले असणार. आपणहून तो जिथे उभा राहिला तिथे उभं राहायची माझी ताकद आहे की नाही, मला ठाऊक नाही. असलीच, तर ती जागा मी निवडीन. माझ्याऐवजी भाटकारणीने निवडायची नाही.

शांतव्वा, शेवंती, आणखी तिघी आणि मी, आम्ही सहा जणींनी कामगार कचेरीत नवा अर्ज दिला आहे. साहेब म्हणतो, बघू. बघू दे. आम्ही दर सोमवारी जाऊन त्याच्या टेबलासमोर उभ्या राहतो. नाकारला तर वरच्या साहेबाकडे जाऊ. या खेपेला मी वर सरळ लिहिलं आहे की दुखापत कोणाच्या छपराखाली झाली आणि ते कोणाला माहीत होतं.

आईचे दोन शब्द मी तिच्याबरोबर पुरले. तिचा मान राखून पुरले. यापुढे माझं किंवा माझ्या शेजारणीचं जे काही जळेल, सोलेल, फुटेल, ते मी कोणत्याही आल्तारावर ठेवणार नाही. ज्याने केलं त्याच्या दारात भर दुपारी नेऊन टाकीन, आणि त्याचं नाव घेईन.